बेताच्या पैशांत कोकणात चार दिवस : कुटुंबाच्या मुक्कामाची तयारी

सहलीच्या खर्चात प्रवासाचा आकडा तिकिटावर छापलेला असतो आणि जेवणाचा अंदाज घरबसल्या करता येतो. चुकतो तो मुक्कामाचा आकडा. जाहिरातीत खोलीचा जो दर दिसतो तो बहुधा दोन माणसांसाठी, आडवारचा आणि कर सोडून सांगितलेला असतो, आणि घरातली पाच माणसे, शनिवार-रविवार आणि कर हे तिन्ही त्यात मिळवले की तोच दर दुपटीजवळ जातो. म्हणून हाताशी मोजके पैसे असतील, तर खोली किती रुपयांची हे विचारत बसण्यापेक्षा आपल्या सगळ्या कुटुंबाचा तिथला एक दिवस किती रुपयांना पडतो, हे आधी काढावे. पुढे जे सांगितले आहे ते सगळे या एका हिशोबाभोवतीच आहे.

आजवर सुट्टीत मामाच्या किंवा आत्याच्या गावी जात आलेली आणि आता पहिल्यांदाच पैसे मोजून कुठेतरी तीन रात्री राहणार असलेली कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे. उदाहरणासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर घेतले आहे. कोकण रेल्वेने चिपळूणला उतरावे आणि तिथून सुमारे ४५ किलोमीटर एसटीने जावे, इतके ते सोपे आहे. गावात रस्त्याच्या कडेने ओळीने घरे, घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की समुद्र, अशी रचना आहे. वरचा पाट आणि खालचा पाट या भागांतल्या अनेक घरांनी आपल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. दिवेआगर, आंजर्ले, दापोलीजवळचे मुरुड किंवा मालवणजवळचे तारकर्ली-देवबाग येथेही थोड्याफार फरकाने हीच पद्धत असल्यामुळे गुहागरचा हिशोब तिकडेही लागू पडतो.

आधी माणसे मोजावीत

कागदावर सर्वांत वर गावाचे नाव लिहू नये. येणाऱ्या माणसांची नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे वय लिहावे. मुलांचे वय महत्त्वाचे, कारण ते प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रीतीने मोजले जाते. रेल्वेत ५ वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र शायिका नको असेल तर अर्धे भाडे पडते. मुक्कामाच्या ठिकाणी मात्र असा एकच नियम नाही. कुणी सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचे काही घेत नाही, कुणी दहापर्यंत घेत नाही, तर कुणाकडे प्रत्येक डोक्यामागे गादीचे पैसे लागतात. वडीलधाऱ्यांच्या नावापुढे वयाबरोबर एक गोष्ट आणखी लिहावी, ती म्हणजे जिना चढता येतो का आणि खाली बसता येते का.

ही दुसरी गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकले. आमच्या पहिल्या सहलीत, समुद्राचा देखावा दिसतो आणि दर कमी आहे एवढे पाहून मी एका खानावळीवरच्या मजल्यावरची खोली घेतली. जिना लोखंडी, अरुंद आणि उभा होता, आणि न्हाणीघरात फक्त भारतीय पद्धतीचा शौचकूप होता. माझ्या सासूबाईंचे गुडघे तेव्हाच दुखत असत. तीन दिवसांत त्या एकदाच वाळूपर्यंत आल्या. उरलेला वेळ त्यांनी खिडकीशी बसून काढला, आणि एकदाही तक्रार केली नाही. वाचलेले सहाशे-सातशे रुपये त्यानंतर मला कधीच वाचल्यासारखे वाटले नाहीत. तेव्हापासून तळमजला आणि कमोड या दोन गोष्टी मी दराच्या आधी विचारते.

आता हिशोब. पुढचे आकडे केवळ रीत कळावी म्हणून धरले आहेत. आपल्याला जे दर मिळतील ते त्यांच्या जागी घालावेत. समजा, आई-वडील, दोन मुले आणि आजी असे पाच जण आहेत. गावापासून चार किलोमीटरवरच्या लॉजमध्ये खोली १,५०० रुपयांना आहे, पण एका खोलीत तिघांहून अधिक माणसे चालत नाहीत, म्हणजे दोन खोल्यांचे ३,००० रुपये झाले. सकाळचा चहा-नाश्ता बाहेर, पाच जणांचे ४०० रुपये. समुद्रावर जाण्या-येण्याची रिक्षा ३०० रुपये. दिवस पडला ३,७०० रुपयांना. याउलट पाटातल्या एका घरी मोठी खोली २,२०० रुपयांना आहे, दोन जादा गाद्यांचे प्रत्येकी ३०० रुपये, नाश्ता त्यातच आणि समुद्र वाडीच्या पलीकडे. दिवस पडला २,८०० रुपयांना. दर ऐकताना पहिली खोली स्वस्त वाटत होती, आणि तीन दिवसांत तीच २,७०० रुपयांनी महाग पडली. मुक्कामाचा प्रत्येक पर्याय असा एका ओळीत मांडावा: खोली, जादा गाद्या, नाश्ता, येण्या-जाण्याचे वाहन आणि कर.

राहण्याची सोय किती प्रकारची असते

बेताच्या खर्चात कुटुंबाला परवडतील अशा सोयी महाराष्ट्रात ढोबळमानाने चार प्रकारच्या आहेत, आणि चारही सर्वांना सारख्या सोयीच्या नाहीत.

घरगुती निवास हा कोकणात सर्वांत चांगला पर्याय, असे माझे मत आहे. राज्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी झालेल्या घरांकडे तसे प्रमाणपत्र असते आणि ते मागितले तर कुणाला राग येत नाही. अशा घरात मालकांचे कुटुंब त्याच आवारात राहते, त्यामुळे रात्री मुलाला ताप आला तर डॉक्टर कुठे आहेत हे सांगणारे माणूस हाकेच्या अंतरावर असते. त्याची दुसरी बाजू अशी की तुम्ही कुणाच्या तरी घरी राहत असता. रात्री उशिरापर्यंत गोंगाट, मद्यपान किंवा न विचारता स्वयंपाकघरात जाणे तिथे चालत नाही.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, म्हणजे एमटीडीसी, १९७५ पासून काम करते आहे आणि त्याची निवासस्थाने अनेकदा मोक्याच्या जागी आहेत. गणपतीपुळे, वेळणेश्वर, हरिहरेश्वर, तारकर्ली ही त्यांतली समुद्रकाठची. खोलीचा दर घरगुती निवासापेक्षा साधारणतः वरचा असतो. परंतु दर जाहीर असतात, आरक्षण महामंडळाच्याच संकेतस्थळावर होते आणि पावती मिळते. ज्यांना त्या भागातले कुणीच ओळखीचे नाही आणि फोनवर बोलून पैसे पाठवायला धीर होत नाही, अशांनी पहिल्या सहलीला थोडे जास्त पैसे मोजून हा मार्ग धरला तर त्यात काही चुकत नाही.

देवस्थानांची भक्तनिवासे सर्वांत स्वस्त असतात. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाची स्वच्छता आणि शिस्त महाराष्ट्रभर ठाऊक आहे, आणि त्या संस्थानाच्या शाखा पंढरपूर, आळंदी, त्र्यंबकेश्वर आणि ओंकारेश्वर येथेही आहेत. शिर्डीला साईबाबा संस्थानाची अनेक निवासस्थाने आहेत. कोकणात गणपतीपुळ्याला तिथल्या देवस्थानाचे भक्तनिवास आहे. खोली देण्याची पद्धत मात्र प्रत्येक ठिकाणची निराळी: शिर्डीला संस्थानाच्या संकेतस्थळावरून आगाऊ आरक्षण करता येते, तर काही ठिकाणी पोहोचल्यावर खिडकीवर नाव नोंदवावे लागते. अशा ठिकाणी एकट्या माणसापेक्षा कुटुंबाला लवकर खोली मिळते, चादर-उशीसाठी थोडी अनामत भरावी लागते आणि रात्री ठरल्या वेळी दार बंद होते. हा आश्रय भाविकांसाठी आहे. दर्शनाची इच्छा नसताना, केवळ स्वस्त म्हणून तिथली खोली अडवणे मला योग्य वाटत नाही.

चौथा प्रकार बाजारपेठेतले किंवा बसस्थानकाजवळचे लॉज. एका रात्रीपुरते ठीक. मुलांना घेऊन तीन रात्री राहायला आवार नसलेली जागा जड जाते. रात्रीच्या गाडीने उतरून सकाळी पुढे जायचे असेल, तर लॉजऐवजी स्थानकावरच्या रेल्वे विश्रांतिकक्षाची चौकशी करावी. त्याचे आरक्षण तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर होते आणि मध्यरात्री सामान घेऊन गावात हिंडण्याची वेळ येत नाही.

दिवस निवडण्यातच निम्मी बचत आहे

नाताळ ते ३१ डिसेंबर, भाऊबीजेनंतरचे चार-पाच दिवस आणि सुट्टीला जोडून आलेले शनिवार-रविवार, या काळात कोकणातली खोली तीच असते आणि दर मात्र दीडपट ते दुप्पट होतो. शाळेच्या मुलांना घेऊन जायचे म्हणजे सुट्टीतच जावे लागते, हे खरे. पण दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात सोमवारी पोहोचून गुरुवारी निघाले, तर गर्दी ओसरलेली असते आणि मालकही दराबाबत ऐकून घेतात. मे महिन्यात आंबा-फणस असला तरी उकाडा फार असतो, खोलीत वातानुकूलन घ्यावेसे वाटते आणि त्याने दर आणखी चढतो. विदर्भ सोडून बाकी राज्यात शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात, त्यामुळे जूनचा पहिला आठवडा अनेकांना मोकळा मिळतो. त्या वेळी दर उतरलेले असतात, मात्र समुद्र खवळू लागलेला असतो आणि होड्या व जलक्रीडा बंद झालेल्या असतात. पाऊस पाहायला जायचे असेल तर तो काळ उत्तम. मुलांना पाण्यात खेळवण्यासाठी मात्र त्या दिवसांत जाऊच नये.

गणपती आणि शिमगा या दोन सणांत घरगुती निवास शोधू नये. त्या दिवसांत मुंबई-पुण्याचे चाकरमानी स्वतःच्या घरी येतात, घरमालकांच्या खोल्या त्यांच्याच माणसांनी भरतात, आणि परक्याने तेव्हा जागा मागणे त्यांनाही अवघड होते.

क्रमाच्या दृष्टीने आधी रेल्वेचे तिकीट काढावे आणि मग खोली पक्की करावी. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते आणि सुट्टीच्या दिवसांतल्या कोकणच्या गाड्या लवकर भरतात. तिकीटच मिळाले नाही तर खोलीची आगाऊ रक्कम अडकते. एसटीने जाणाऱ्यांना ही अडचण कमी. राज्य परिवहनाच्या गाड्यांत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास विनामूल्य आहे. आई, आजी आणि लहान मुले असलेल्या कुटुंबाला ही सवलत इतकी मोठी पडते की खासगी गाडी भाड्याने घेण्याऐवजी एसटीने जाऊन ते पैसे जरा बऱ्या खोलीवर खर्चता येतात. मात्र मग खोली एसटीच्या थांब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्यावी.

फोनवर काय विचारावे

घरगुती निवास शोधताना दोन-तीन नावे आरक्षणाच्या ॲपवर पाहावीत, दोन-तीन ओळखीच्यांकडून घ्यावीत, आणि मग प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन करावा. ॲपवरच्या दरात मध्यस्थाचे दलाल-शुल्क धरलेले असते, त्यामुळे थेट बोलल्यावर मालक अनेकदा दर थोडा कमी करतात. फोन दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान करावा. सकाळी नाश्त्याची आणि दुपारी जेवणाची गडबड असते आणि घाईत मिळालेली उत्तरे अपुरी असतात.

बोलणे स्पष्ट असावे आणि पहिल्या वाक्यातच सगळी माणसे सांगून टाकावीत. मी साधारण असे बोलते: ‘नमस्कार काकू, मी पुण्याहून बोलते आहे. आम्ही पाच जण आहोत, त्यात सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत आणि मुलं सहा आणि अकरा वर्षांची आहेत. सोमवारी दुपारी येऊन गुरुवारी सकाळी निघू. तळमजल्यावरची खोली मिळेल का?’ यावर समोरून जे उत्तर येते त्यातून घर कसे आहे ते बरेच कळते. गुहागरच्या एका काकूंनी मला सांगितले होते, ‘आहे हो खोली, पण मागच्या अंगाला, वाडीकडची. तिथे कमोड नाही. आजींना लागत असेल तर पुढची देते, तिला रस्त्याचा थोडा आवाज येतो, तेवढं चालवून घ्या.’ जी अडचण आम्हाला पोहोचल्यावर कळली असती ती त्यांनी आपणहून सांगितली, म्हणून मी दुसरीकडे विचारलेच नाही.

पुढचे प्रश्न दरासंबंधी असावेत. सांगितलेला दर खोलीचा की माणशी? मुलांच्या गादीचे वेगळे पैसे आहेत का? नाश्ता त्यात आहे का, आणि असल्यास चहा किती वेळा? वातानुकूलन न वापरल्यास दर कमी होतो का? बऱ्याच ठिकाणी एकाच खोलीला दोन दर असतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कोकणातल्या रात्री पंख्यावर सहज निघतात. पाणी तापवायला बंब आहे, सौर यंत्रणा आहे की गीझर, तेही विचारावे, कारण सौर यंत्रणेचे पाणी पाच जणांच्या आंघोळीला अनेकदा पुरत नाही आणि ढगाळ दिवशी नीट तापत नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर निदान पंखा चालतो का, हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण कोकणात लहान मुलाला घेऊन उकाड्यात, डासांत एक रात्र जागून काढली की त्याचे मोल कळते.

कराबाबत सरळ विचारावे, ‘कर धरून एकूण किती?’ रोजचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या हॉटेलच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. त्याआधी तो १२ टक्के होता. कुणी अजून जुना दर लावत असेल तर नम्रपणे दाखवून द्यावे. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या लहान घरगुती निवासांना या कराची नोंदणी बंधनकारक नसते, म्हणून नोंदणी क्रमांक न देता कुणी कर मागत असेल, तर तो देण्याचे कारण नाही. धार्मिक संस्थांच्या आवारातल्या, रोज १,००० रुपयांहून कमी दराच्या खोल्यांना हा कर माफ आहे.

घरात पाच-सहा वर्षांचे मूल असेल तर आणखी एक प्रश्न न चुकता विचारावा: आवारातल्या विहिरीला कठडा आणि जाळी आहे का? कोकणातल्या जुन्या वाडीत विहीर असतेच, आणि काही विहिरींचा काठ जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंच असतो. नसेल जाळी, तर घर कितीही चांगले असले तरी मी तिथे लहान मूल नेत नाही.

आगाऊ रक्कम आणि फसवणूक

आगाऊ म्हणून एका रात्रीचे पैसे किंवा एकूण रकमेचा चौथा हिस्सा, यापेक्षा जास्त देऊ नये. रक्कम पाठवण्यापूर्वी एक संदेश लिहून पाठवावा आणि त्याला ‘होय’ असे उत्तर आल्यावरच पैसे द्यावेत. संदेशात येण्या-जाण्याच्या तारखा व वेळ, माणसांची संख्या आणि मुलांची वये, खोली तळमजल्यावरची आहे हे, तीन रात्रींची कर धरून एकूण रक्कम, त्यात नाश्ता धरलेला आहे की नाही, आणि बेत रद्द झाल्यास किती दिवस आधी कळवले असता किती रक्कम परत मिळेल, एवढे यावे. लेखी ठेवण्यात अविश्वास नाही. हंगामात मालकांकडे दिवसाला वीस फोन येतात आणि तोंडी ठरलेले त्यांच्याही लक्षात राहत नाही.

खोट्या जाहिरातींचा धोका मात्र खरा आहे. नामांकित हॉटेलांच्या आणि देवस्थानांच्या नावाने बनावट संकेतस्थळे उघडून भक्तनिवासाच्या आरक्षणाचे पैसे उकळले जातात. म्हणून देवस्थानाचा क्रमांक शोधयंत्रावर पहिला आलेला म्हणून लगेच लावू नये; संस्थानाच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा. घरगुती निवासाच्या बाबतीत पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव दिसते ते मालकाचे किंवा त्यांच्या घरातल्या माणसाचे आहे का, हे विचारून घ्यावे. व्हिडिओ कॉलवर खोली आणि अंगण दाखवायला सांगावे; खरा मालक फोन हातात धरून सहज फिरून दाखवतो. ‘आत्ता पूर्ण रक्कम भरा, नाहीतर खोली जाईल’ अशी घाई कुणी करू लागले, किंवा आगाऊ रक्कम परत देतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितले, तर बोलणे तिथेच थांबवावे. फसवणूक झालीच तर लाजेखातर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

पोहोचल्यावर

सामान खोलीत नेण्याआधी पाच मिनिटे खोली पाहून घ्यावी. नळ सोडून पाण्याचा जोर पाहावा. गादीचा कोपरा उचलून ढेकूण किंवा ओल दिसते का ते पाहावे. पंखा पूर्ण वेगाने लावावा. मागच्या दाराची कडी आतून नीट बसते का आणि खिडकीला जाळी आहे का, हे तपासावे. काही खटकले तर त्याच वेळी आणि सौम्यपणे सांगावे. दुसऱ्या दिवशी केलेली तक्रार ऐकूनही मालकाला फारसे काही करता येत नाही, कारण तोवर दुसऱ्या खोल्या भरलेल्या असतात.

प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे ओळखपत्र लागते. आधारची प्रत द्यायची झाल्यास क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत, म्हणजे मास्क्ड आधार, आधार प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावरून घरीच उतरवून छापून न्यावी. किंवा मतदार ओळखपत्र द्यावे. परदेशी स्थायिक झालेले भाऊ-बहीण बरोबर येणार असतील आणि त्यांचे पारपत्र परदेशी असेल, तर ही गोष्ट आरक्षणाच्या वेळीच सांगावी. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही परदेशी पारपत्रधारक पाहुण्याची नोंद ठरलेला फॉर्म (२०२५ पर्यंतचा ‘फॉर्म सी’, आता ‘फॉर्म ३’) भरून २४ तासांत करणे मालकावर बंधनकारक असते, आणि अनेक लहान घरांत ती सोय नसल्यामुळे ऐन वेळी नकार मिळतो. अशा पाहुण्यांसाठी एमटीडीसी किंवा नोंदणीकृत हॉटेल पाहिलेले बरे.

जेवणाचा हिशोब मुक्कामातच धरावा

घरगुती निवासात जेवण मिळत असेल तर शक्यतो तिथेच जेवावे, कारण पाच जणांचे दोन वेळचे बाहेरचे जेवण खोलीच्या भाड्याइतके होऊ शकते. अशा घरात स्वयंपाक माणसे मोजून होतो. रात्री आवराआवर झाली की काकू पडवीत येऊन विचारतात, उद्या दुपारी जेवायला आहात का, आणि किती जण. त्याच वेळी नेमके सांगावे, आणि बेत बदलला तर सकाळी लवकर कळवावे. ऐन वेळी तीन पाने कमी झाली की तो तोटा त्या घराला सोसावा लागतो. लहान मुलांसाठी पूर्ण थाळी घेण्याऐवजी वरण-भात आणि पोळी वेगळी मिळेल का, असे विचारले तर बहुतेक घरी हो म्हणतात आणि त्याचे पैसेही कमी लावतात. उकडीचे मोदक हवे असतील तर ते आदल्या दिवशी सांगावे लागतात आणि नगावर मोजले जातात. मासे खाणाऱ्यांनी घर शाकाहारी आहे का हे फोनवरच विचारून घ्यावे. पाटातल्या अनेक घरी मासे शिजत नाहीत आणि बाहेरून आणलेलेही चालत नाहीत.

बरोबर काय न्यावे, याची यादी फार मोठी नको. दोन चादरी, मुलांसाठी मच्छरदाणी, एक जास्तीचा पंचा, दोरी आणि चिमटे, आणि पाण्याच्या मोठ्या बाटल्या एवढे पुरे. दोरी विशेष आठवणीने न्यावी, कारण समुद्रात भिजलेले पाच जणांचे कपडे वाळत घालायला जागा मागावी लागते आणि अंगणात सुपारी वाळत टाकलेली असेल तर तिथे कपडे घालता येत नाहीत. अंगणातली ती पिवळी-केशरी सुपारी मुलांना खेळायला घेऊ देऊ नये. घरमालकांचे ते वर्षाचे पीक असते.

निघण्याच्या आदल्या रात्री हिशोब पुरा करावा. चिपळूणकडे जाणारी पहाटेची एसटी गाठायची असेल तर सकाळी पैसे मोजायला वेळ मिळत नाही आणि घाईत एखादी थाळी दोनदा धरली जाते किंवा राहून जाते. संदेशात लिहिलेली रक्कम, त्यातून दिलेले आगाऊ पैसे, जेवणाची पाने आणि मोदकांचे नग, असे सारे मालकांसमोर बसून जुळवावे, पावती मागावी आणि भरलेली अनामत परत घ्यावी. गाडीत मुलांना भूक लागते, तेव्हा त्याच वेळी काकूंना सकाळसाठी घावने आणि खोबऱ्याची कोरडी चटणी बांधून देता येईल का, असे विचारावे आणि त्याचेही पैसे त्याच हिशोबात धरावेत.